सामाईक विहीर

मूर्तिजापूर तालुक्यातील एका खेड्यात काही वर्षांपूर्वी दोन सख्ख्या भावांची वाटणी झाली, तेव्हा पाच माणसांत मलाही बसवण्यात आले होते. शेत मोजून झाले, मधोमध धुरा पडला. बैलजोडी एकाकडे गेली, तिच्या मोबदल्यात दुसऱ्याला गाय व काही रोकड मिळाली. भांडीकुंडी, कोठ्या, लाकूडफाटा, सारे काही दोन ढिगांत मांडून झाले. अडले ते विहिरीपाशी. थोरला म्हणत होता की विहीर माझ्या तुकड्यात येते, तेव्हा ती माझी. धाकट्याचे म्हणणे, वडिलांनी ती खणली तेव्हा मातीची टोपली मी डोक्यावर वाहिली, तू तर त्या वेळी शहरात शिकत होतास. दोघांचेही बोलणे खरे होते आणि म्हणूनच तंटा मिटत नव्हता. अखेर बाजेवर बसलेला एक म्हातारा शेजारी म्हणाला, "इहिरीची काय वाटनी करता जी? पान्याची पाळी लावा. अन् गाळ दोघंयी मिळून काढा."

त्याप्रमाणे झाले. कागदावर विहीर सामाईक लागली. त्या म्हाताऱ्याचे वाक्य मात्र माझ्या मनात घर करून राहिले. कारण ज्या प्रश्नाने विद्वानांना आणि राज्यकर्त्यांना वर्षानुवर्षे झुंजविले आहे, त्याचेच उत्तर त्यात असावे असे मला वाटू लागले. भावाभावांप्रमाणे लोकसमूहांचीही वाटणी होते. सीमा आखल्या जातात, नकाशे रंगवले जातात. मग एखाद्या दिवशी लक्षात येते की पूर्वज मात्र वाटून घ्यायचे राहूनच गेले. जुना राजा कोणाचा? जुना ग्रंथ कोणाचा? संत कोणाचा? आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी एकच शब्द ऐकू येतो : आमचा.

युरोपच्या ईशान्येकडील लिथुआनिया व बेलारूस या दोन शेजाऱ्यांची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. मध्ययुगात तेथे लिथुआनियाची महाडची, म्हणजे ड्यूकचे विशाल राज्य नांदत होते. आजचा लिथुआनिया व आजचा बेलारूस, दोन्ही प्रदेश त्यात होते. राजघराणे लिथुआनियन वंशाचे. परंतु राज्याचा लेखी कारभार एका स्लाव्ह भाषेत चाले आणि 1529, 1566 व 1588 या वर्षांचे त्या राज्याचे प्रसिद्ध कायदेग्रंथही त्याच भाषेत लिहिले गेले. बेलारूसचे लोक तिला आपली जुनी भाषा मानतात. त्यामुळे एक शेजारी म्हणतो, राजे आमचे, म्हणून राज्य आमचे. दुसरा म्हणतो, भाषा आमची, म्हणून राज्य आमचे. धावत्या घोड्यावरील तलवारधारी स्वार हे त्या राज्याचे चिन्ह. सोव्हिएत सत्ता ढासळल्यावर लिथुआनियाने ते राजचिन्ह म्हणून पुन्हा स्वीकारले आणि 1991 पासून 1995 पर्यंत बेलारूसचेही राजचिन्ह तेच होते. एकच घोडेस्वार दोन दरवाजांवर उभा राहिला आणि दोन्ही घरांत कुरकुर झाली.

याच भूमीतील एक संत आपल्या परिचयाचे आहेत. लिथुआनियाचे आश्रयदाते संत काझिमिर 1458 साली पोलंडमधील क्राकोव येथे जन्मले, 1484 साली ग्रोद्नो येथे निवर्तले आणि विल्नियस येथील प्रधानमंदिरात त्यांची समाधी आहे. क्राकोव आज पोलंडमध्ये, ग्रोद्नो बेलारूसमध्ये आणि विल्नियस लिथुआनियात. संतांचा पाळणा, मृत्युशय्या आणि थडगे तीन देशांत विभागले गेले. पण त्यांच्याकडे मध्यस्थी मागणाऱ्या म्हातारीने त्यांचे नागरिकत्व कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.

इतक्या दूरची गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच की आपल्या अंगणातील गोष्ट थोडी दुरून पाहिली म्हणजे नीट दिसते. मूर्तिजापूरच्या स्थानकावरून पूर्वी अरुंद रुळांची एक छोटी गाडी दोन दिशांना जात असे. वऱ्हाडात तिला सारे 'शकुंतला' म्हणत. एक फाटा दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला पोचे, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. अलीकडच्या वर्षांत ही गाडी बंद पडली आहे. तिच्यातून असंख्य वेळा प्रवास करूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. या दोन्ही फाट्यांवर इतिहासाने कर्नाटकाचे एकेक दार उघडून ठेवले आहे.

अचलपूरचेच पाहा. सातव्या-आठव्या शतकांतील ताम्रपटांवरून वऱ्हाडात राष्ट्रकूटांचे एक घराणे राज्य करीत होते व अचलपूर हे त्याचे ठाणे होते, असे दिसते. पुढे वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या काळात कोरले गेले आणि मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ही ज्यांची राजधानी झाली, त्या बलाढ्य राष्ट्रकूटांचे पूर्वज याच अचलपूरच्या शाखेतील असावेत, असा तर्क डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी मांडला. हे राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. मग राष्ट्रकूट मराठी की कानडी? नवव्या शतकात त्यांच्याच दरबारी 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ सिद्ध झाला आणि त्यात कन्नड भूमीची मर्यादा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. त्यामुळे पलीकडचा अभिमानी बोट दाखवतो गोदावरीकडे आणि अलीकडचा लातूरकडे.

देवगिरीच्या यादवांचीही तीच कथा. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या रामचंद्र राजाचा गौरवाने उल्लेख येतो तो यादव, म्हणून ते घराणे मराठीचे भूषण. त्यांच्या शिलालेखांत कानडी लेखांची संख्या मोठी आहे, म्हणून ते कन्नडचेही भूषण. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या विशाल मूर्तीच्या पायाशी, मूर्ती चामुंडरायाने करविली या आशयाचे लेख कन्नड, तमिळ व मराठी अशा तीन भाषांत आहेत. त्यातील मराठी ओळ कित्येक वर्षे आपण मराठीचा आद्य शिलालेख म्हणून शाळेत शिकवली. परंतु ती ओळ कर्नाटकात, कर्नाटकातील एका सेनापतीच्या कीर्तीसाठी कोरलेली आहे, आणि तिच्या शेजारी आणखी दोन बहिणी उभ्या आहेत, हे सांगायला मात्र आम्ही शिक्षक विसरत असू.

आणि कारंजा? दत्तसंप्रदायातील श्रीनृसिंहसरस्वती यांचा जन्म चौदाव्या शतकात कारंज्याला झाला. नरसोबावाडीला त्यांनी वास्तव्य केले आणि आयुष्याचा उत्तरकाळ भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूरला काढला. गाणगापूर आज कर्नाटकात आहे. त्यांचे चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ मराठीत आहे. पण तो लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधराची घरची भाषा मराठी नव्हती, असे त्याच्याच सांगण्यावरून दिसते. अभ्यासक ती कानडी मानतात. म्हणजे वऱ्हाडात जन्मलेल्या सत्पुरुषाचे कर्नाटकातील कार्य एका कानडी माणसाने मराठीत लिहून ठेवले. यातला कोणता धागा ओढून काढला असता वस्त्र शाबूत राहील?

या ठिकाणी मला माझीच एक गोष्ट कबूल करावी लागेल. तीसेक वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मी कारंज्याला जाये. एकदा शकुंतलेत समोरच्या बाकावर कलबुर्गीकडील एक वृद्ध जोडपे बसले होते. गुरूंच्या जन्मस्थानाचे दर्शन घ्यायला ते दोन दिवसांचा प्रवास करून आले होते. गृहस्थांना मोडके मराठी येत होते. बोलता बोलता मी मोठ्या दिमाखात म्हणालो, "ते तर आमच्या वऱ्हाडचे! तुमच्याकडे नंतर आले." गृहस्थ हसले. त्यांनी माझे बोलणे पत्नीला कानडीत समजावून सांगितले. ती बाई काही तरी बोलली आणि त्यांनी ते मला मराठीत सांगितले : "ही विचारते, मास्तर, मग तुम्ही गाणगापूरला कधी आला होता?"

मी कधीच गेलो नव्हतो. इतकेच नव्हे, तर कारंज्याच्या गुरुमंदिराची पायरीही मी चढलो नव्हतो आणि मराठीचा शिक्षक असून 'गुरुचरित्र' उघडूनही पाहिले नव्हते. धर्म वेगळा, ही सबब मनात आली. पण 'आमचे' हा शब्द उच्चारताना ती आड आली नव्हती. ज्यांच्याविषयी मला काही ठाऊक नव्हते, ज्यांच्यासाठी मी एक पाऊल चाललो नव्हतो, त्यांच्यावर मी केवळ माझ्या जन्मगावाच्या जोरावर हक्क सांगितला होता. माझ्यापुढे बसलेली ती बाई भाषेने परकी, प्रांताने परकी, पण त्या वारशाची खरी वारस तीच होती. त्या दिवशी मला प्रथमच शंका आली की 'आमचा पूर्वज' असे म्हणताना आपण पूर्वजाचा गौरव करीत नसून स्वतःचाच करून घेत असतो.

वारसा हा हक्क आहे की ऋण, हा खरा नैतिक प्रश्न आहे असे मला वाटते. व्यवहारात मृताची इस्टेट घेणाऱ्याला तिच्यावरील कर्जाचा बोजाही स्वीकारावा लागतो. पूर्वजांच्या बाबतीत आपण इस्टेट तेवढी मागतो. कर्जाचे नाव काढीत नाही. यादवांचे वैभव आमचे, पण पडक्या हेमाडपंती देवळातून दगड उचलून गोठा बांधणारे हातही आमचेच, हे कोणी म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग 'सारे काही साऱ्यांचे' असे म्हणून मोकळे व्हावे. मला ते उत्तर आळशी वाटते आणि काही वेळा अन्यायाचेही. जो बलवान आहे त्याने 'सारे साऱ्यांचे' म्हटले की दुबळ्याच्या वाट्याचे नावही पुसले जाते. बेलारूसच्या लोकांना दीर्घकाळ सांगण्यात आले की तुम्हाला स्वतंत्र इतिहासच नाही. अशा समाजाने जुना घोडेस्वार आमचाही आहे असे म्हटले, तर त्यात बळकावण्याची हाव नसते. आम्हीही या घरचे आहोत एवढी ओळख मागितलेली असते. मात्र 'आमचाही' आणि 'आमचाच' यांत एका अक्षराचे अंतर आहे आणि सगळा अन्याय त्या एका अक्षरात मावतो.

शिवाय सामाईक विहीर म्हणजे ती कोणी खणली हे लपवणे नव्हे. सत्य सांगितलेच पाहिजे, आणि ते आपल्या बाजूला अडचणीचे असेल तेव्हा अधिक स्पष्टपणे सांगितले पाहिजे. डॉ. आळतेकर हे कोल्हापूर भागातले, मराठी मातृभाषेचे. 1934 साली राष्ट्रकूटांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी लिहिले की या राजांचे मूळ स्थान लातूर असले तरी त्यांची मातृभाषा कानडी होती. राष्ट्रकूट मराठ्यांचे पूर्वज होते, हे मत त्या काळी महाराष्ट्रात प्रिय होते; आळतेकरांनी पुराव्यापुढे प्रिय मताला मान दिला नाही. त्यानंतर अर्धशतकाने, 1984 साली, डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात महाराष्ट्राच्या लाडक्या दैवताचे दाक्षिणात्य धागेदोरे आदराने उलगडून दाखवले. त्याने विठ्ठल मराठी माणसाला दुरावला नाही. आषाढीची गर्दी ओसरली नाही. सत्याने वारसा कमी होत नाही. कमी होतो तो फक्त अहंकार.

येथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव व सीमाभागाचा प्रश्न भिजत पडला आहे. 1966 साली महाजन आयोग नेमला गेला, 1967 साली त्याचा अहवाल आला, 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा प्रश्न खरा आहे, कारण तो जिवंत माणसांचा आहे. बेळगावच्या मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकता यावे, तसेच जत-अक्कलकोटच्या कानडी मुलालाही. आपल्या राज्यघटनेचे कलम 350-क हेच सांगते की अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी. अशा प्रश्नाचा निवाडा आजच्या माणसांच्या गरजा व त्यांचे मत पाहून व्हायला हवा. त्यात आठव्या किंवा तेराव्या शतकातील राजांना साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. ज्यांना आजची सीमा ठाऊकच नव्हती, ते तिच्याविषयी काय सांगणार? उलट अशा साक्षीने दुहेरी नुकसान होते : जिवंतांचा न्याय लांबतो आणि मृतांना भांडणात ओढले जाते.

मग वारस कोण, हे ठरवायचे कशावरून? पुन्हा कारंज्याला जाऊ. दहाव्या शतकात मान्यखेटच्या राष्ट्रकूटांच्या आश्रयाने पुष्पदंत या जैन कवीने अपभ्रंश भाषेत महापुराण रचले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 972 साली, परमारांच्या स्वारीत मान्यखेट लुटले गेले. राजधानी गेली, राज्य गेले. परंतु पुष्पदंताच्या काव्यांची हस्तलिखिते आपल्या कारंज्याच्या जैन भांडारांत शतकानुशतके जपली गेली. 1926 साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, त्यात या ठेव्याची जगाला ओळख झाली. नंतर 1931 साली डॉ. प. ल. वैद्य यांनी आणि 1933 साली अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी पुष्पदंताची काव्ये संपादून कारंज्याच्या ग्रंथमालेतून प्रकाशात आणली.

याची दुसरी बाजूही तितकीच हृद्य आहे. 'षट्खंडागम' या प्राचीन प्राकृत ग्रंथाची ताडपत्रे दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या जैन मठात होती. भाषा प्राकृत, लिपी जुनी कानडी. तिथल्या लोकांनी ती पिढ्यान्पिढ्या देव्हाऱ्यातील मूर्तीप्रमाणे सांभाळली. त्या ग्रंथाचा टीकेसह पहिला खंड 1939 साली छापून निघाला तो अमरावतीला, त्याच हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली. मान्यखेटचे धन वऱ्हाडाने राखले, कर्नाटकाने राखलेले धन वऱ्हाडाने जगापुढे ठेवले. वाळवी लागू नये म्हणून पोथ्यांना ऊन दाखवणाऱ्या त्या अनामिक राखणदारांनी, हे आपल्या भाषेचे आहे का, असा प्रश्न केला असता तर आज दोन्ही विहिरी बुजलेल्या दिसल्या असत्या.

आपल्या समाजाला तर हे दूरचे उदाहरण वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आपण अभिमानाने मराठीचे लेणे म्हणून मिरवतो. ते रचणारा इंग्रज. ते 1616 साली छापले गेले गोव्यात, रायतूरला आणि तेही रोमन लिपीत. याच स्टीफन्स यांनी कोकणी भाषेचे व्याकरण लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली छापून निघाले. म्हणून कोकणी बांधवही त्यांना आपले मानतात, आणि ते योग्यच आहे. पुराणाच्या जुन्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. ते टिकले ते हस्तलिखितांत, आणि त्यांपैकी कितीतरी मंगळूरकडील, म्हणजे कर्नाटकातील, कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत होती. 1907 साली त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी त्याची नवी आवृत्ती काढली, तीही मंगळूरलाच. आपण मराठी ख्रिस्ती जन ज्याला आपले म्हणतो, ते आपल्यासाठी इतरांनी राखले. या उपकाराची जाणीव असलेला माणूस सीमेपलीकडच्या शेजाऱ्याला 'हे आमचेच' असे कोणत्या तोंडाने म्हणेल?

प्राचीनतेच्या मानपत्रांचे मोल मी कमी लेखत नाही. 2008 साली कन्नडला आणि 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही वेळा आनंद व्हावा असेच ते होते. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला, जेथे तेराव्या शतकात लीळाचरित्र आकाराला आले, तेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे. तेथे शिकायला येणाऱ्या मुलांना हेही सांगितले जावे की ज्यांच्या लीळा सांगण्यासाठी मराठी गद्य एवढे समृद्ध झाले, ते श्रीचक्रधर गुजरातेतील भडोचहून आले होते. अशाने मराठीचा मान तिळमात्र उणा होणार नाही. ज्या घरी पाहुणा येऊन घरचा होतो, ते घर लहान कसे म्हणावे?

ज्या दोन भावांची गोष्ट आरंभी सांगितली, त्यांच्या शेतावर मागील उन्हाळ्यात जाणे झाले. दोघांत अजूनही फारसे बोलणे नाही. पण विहिरीचा गाळ काढायचा होता, म्हणून दोघेही आले होते. एक खाली उतरून टोपली भरत होता, दुसरा वर दोर ओढत होता. कामापुरते का होईना, बोलत होते. सामाईकपणा प्रेमातून येतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो कामातून येतो आणि प्रेमाला मागाहून वाट मिळते.

घरी परतल्यावर मी कपाटातून 'ख्रिस्तपुराण' काढले. शाळेत त्यातील निवडक ओव्या शिकवल्या होत्या, परीक्षेत त्यावर प्रश्न घातले होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते मी कधी वाचले नव्हते. शकुंतलेतील त्या बाईचा प्रश्न पुन्हा आठवला. मंगळूरच्या कोणा अज्ञात घराने आपली पाळी चुकवली नव्हती, म्हणून ते माझ्या हातात होते. आता पाळी माझी होती.